हाकेच्या अंतरावर

१

मावशीला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे, तिच्या तडतडत्या रागामुळे, फटाकडी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दुसऱ्या नावाचा तिला थोडा तोराही होता.

एकोणीस वर्षं तिनं बालवाडीत मदतनीस म्हणून काढली. नाकं पुसली, नखं कापली, उवा वेचल्या, चड्ड्या धुतल्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण तिच्या हाताखालून गेलेलं पोर लगेच ओळखू येई. हाक मारली की ते 'काय' म्हणत नसे, 'हां' म्हणत नसे आणि नुसतं टकामका बघत तर मुळीच नसे. ते 'ओ' म्हणे.

"हाक म्हणजे कुणीतरी पुढं केलेला हात," ती पोरांना सांगे. "तो लोंबकळत ठेवायचा नाही. ओ द्यायची."

मग बालवाडी बंद पडली आणि मावशी घरात सुनेच्या मागं मागं फिरून भांडी पुन्हा घासायला लागली. तशात समुद्रापलीकडच्या एका बालगृहातून चर्चमध्ये पत्र आलं. लहान मुलांकडे बघायला वर्षभरासाठी एक बाई हवी होती. पगार नाही, जेवणखाण आणि एक खाट.

"मावशी, हे देवाचं पाचारण आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"पाचारण-बिचारण नाही हो, पत्र आहे. तिथं जागा रिकामी आहे आणि इथं मी रिकामी आहे."

मुलगा म्हणाला, "आई, गुडघे दुखतात तुझे, बाजारात जायचं तरी सोबत लागते."

"पिशवी धरायला लागते. रस्ता दाखवायला नाही."

सून रडली. मावशी म्हणाली, "रडतेस काय? वर्षानं येतेच आहे तुझ्या डोक्यावर मिरं वाटायला."

तीन विमानं झाली, मग एक दिवसभराची बोट, मग डोंगर चढणारी एक खडखडती बस. दुसऱ्या विमानात तिनं डोळे मिटले आणि उघडले तर घड्याळ निराळं, आकाश निराळं, मधला अख्खा दिवस कुठं सांडला ते कुणी सांगेना. धक्क्यावर उतरल्यावर तिनं सामान मोजलं. तीन नग. बसमध्ये चढताना पुन्हा मोजलं, तीन. बस सुटल्यावर तिसऱ्यांदा मोजलं. तीनच होते. तरी काहीतरी मागं राहिलंय असं तिला वळणावळणाला वाटत राहिलं आणि ती मान वळवून धक्क्याकडे बघत राहिली.

२

बालगृह दुमजली होतं. खाली अंगण, जेवणाची लांब खोली, कचेरी. वर मुलांच्या खाटा. जिना चढून गेलं की लगेच डाव्या हाताला चादरींची खोली होती. तिला खिडकी नव्हती. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर घड्या आणि साबणाचा वास. तिची किल्ली पहिल्याच दिवशी मावशीच्या कमरेला आली.

मुलं तेवीस. त्यांची भाषा मावशीला कळेना, तिची त्यांना कळेना, पण शेंबूड कुठल्याही भाषेत सारखाच असतो. मधे दुभाषी म्हणून नर्सताई होत्या. त्या मावशीच्याच चर्चच्या, अकरा वर्षांपूर्वी इथं आलेल्या आणि इथंच मुरलेल्या.

"अकरा वर्षांनी मला कुणीतरी मराठीत शिव्या घालणार," नर्सताई म्हणाल्या. "कान आसुसलेत माझे."

"घालीन की पोटभर," मावशी म्हणाली.

पण शिव्या आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी एका पोरानं बारा ताटल्यांची चळत जमिनीवर घातली. सगळी मुलं मावशीकडं बघायला लागली. मावशी उभी राहिली, तोंड उघडलं आणि आत चाचपून बघितलं. राग नव्हता. नाकावर बसलेला, पन्नास वर्षं कधी घर सोडून न गेलेला राग जागेवरच नव्हता. तिनं मुकाट्यानं तुकडे भरले. जेवणालाही चव लागत नव्हती. मिठाचं भांडं पालथं केलं तरी नाही.

"प्रवासाचा शीण," नर्सताई म्हणाल्या. "उतरेल."

शिस्त मात्र तिनं लावली. इथली माणसं हाकेला नुसता हात वर करत. मावशीनं आठवड्यात बावीस मुलांना 'ओ' शिकवली. त्यांना तो खेळच वाटला. अंगण दिवसभर ओ, ओ करून घुमायला लागलं.

बावीसच, कारण तेविसावी बोलत नव्हती.

ती सहा-सात वर्षांची असावी. दोन वर्षांपूर्वी त्याच बोटीनं ती आली होती, घरंदारं सोडून पळालेल्या माणसांच्या लोंढ्यात. सगळी माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली आणि ही धक्क्यावर उरली. ठेवली तिथं बसायची. हातात चमचा दिला तर जेवायची. पाठीमागे बादली आपटली तरी पापणी हलत नसे. कागदावर तिचं काहीतरी नाव होतं, कुणीतरी अंदाजानं घातलेलं. मुलं त्यांच्या भाषेत तिला मुकी म्हणत.

"मुकी म्हणायचं नाही," मावशीनं बजावलं. "मी नाव ठेवते. भिंगरी."

नर्सताई हसल्या. "जी जागची हलत नाही तिचं नाव भिंगरी?"

"मग? तुम्हाला तरी काय बघून ताई म्हणतात?"

३

शनिवारी दुपारी नखं कापायची. मुलं अंगणात रांगेनं बसत आणि मावशी एकेकाला नावानं बोलवी. समोर बसलेलं असलं तरी हाक मारायची आणि ओ ऐकायची. नियम म्हणजे नियम.

भिंगरीची पाळी शेवटी आली. मावशीनं तिचे बूट काढून पाय मांडीवर घेतला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती, शाळेत धक्काबुक्की करून पुढं घुसणाऱ्या पोरासारखी. तिचं नख कापणं म्हणजे कसरत होती.

"ए भिंगरे," मावशी सवयीनं म्हणाली.

"ओ."

मावशीचा हात थांबला. भिंगरीचे ओठ मिटलेले होते. आवाज वरून आला होता, जिन्याच्या टोकावरून, दार बंद असलेल्या खोलीतून यावा तसा. पोरीचा आवाज. बारीक, पण स्पष्ट.

तिनं अंगणातली डोकी मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीस. स्वयंपाकाच्या बाई पलीकडं भांडी लावत होत्या आणि त्यांचा आवाज तर फाटक्या ढोलासारखा होता.

मावशी वर गेली. मुलांच्या खाटा रिकाम्या होत्या. चादरींच्या खोलीला कुलूप होतं. तिनं किल्ली लावली, दिवा लावला, फळीन् फळी बघितली, खाली वाकून कोपरे बघितले. घड्या जशाच्या तशा होत्या. ही खोली मात्र तिला वेगळी वाटली. ती रिकामी वाटत नव्हती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी वाटत होती. मावशीनं हात लावून बघितलं. चादरी गार होत्या.

"पोरं चावट असतात," ती मोठ्यानं म्हणाली, खोलीला ऐकू जाईल असं.

खाली येताना तिला एक गोष्ट आठवली आणि ती पायरीवरच थांबली. ओ आली तेव्हा भिंगरीनं मान वळवली होती. बादली आपटली तरी न हलणारी मान जिन्याकडे वळली होती.

४

"पाईप आहेत," नर्सताई म्हणाल्या. "जुनं घर आहे. कसलेही आवाज येतात."

"पाईप ओ देतात?"

"पाणी चढताना देत असतील."

मावशीला ते पटावंसं वाटलं. ती भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी बाई. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नीट परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातले सगळे नळ बंद करायला लावले. दुसऱ्या मुलांना हाका मारल्या, तर ज्याची त्याची ओ ज्याच्या त्याच्या तोंडातून आली. मग भिंगरीला मारली.

"ओ," जिन्याच्या वरच्या पायरीवरून.

तिसऱ्या दिवशी ती ओ दोन पायऱ्या खाली होती. चौथ्या दिवशी मावशी कुजबुजली, नुसत्या श्वासानं, "भिंगरे." ओ सुद्धा कुजबुजत आली, पण आणखी दोन पायऱ्या खालून. जिना डोळ्यांसमोर होता. उन्हाचा पट्टा पडला होता, त्यात धूळ तरंगत होती आणि बाकी काही नव्हतं. नर्सताई हातात औषधाची बाटली घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"ऐकलंत?" मावशी म्हणाली.

नर्सताई बराच वेळ बाटलीचं बूच लावत बसल्या. "ऐकलं."

"आणि हिनं पण ऐकलं. बघा मान. ही बहिरी नाही."

"हे तुम्ही डॉक्टरांना कसं सांगणार? भूत ओ देतं आणि आमची पोर ती ऐकते?"

"भूत म्हणू नका. भुताला एवढी शिस्त नसते."

डॉक्टरांचं पत्र सकाळीच आलं होतं. पुढच्या गुरुवारी कानाचे डॉक्टर येणार होते. पोर बहिरी ठरली की त्याच गाडीतून तिला दोन दिवसांच्या वाटेवरच्या बहिऱ्या मुलांच्या संस्थेत नेणार. तिथं खाटही राखून ठेवली होती. दोन वर्षांत वेगवेगळ्या डॉक्टरांनी तिच्यावर मुकी, मंद असे पाच शिक्के आधीच मारले होते, हा सहावा.

"चांगली संस्था आहे," नर्सताई म्हणाल्या. "तिथं हातांची भाषा शिकवतात."

मावशी जिन्याकडे बघत होती. जिन्याला सोळा पायऱ्या होत्या. दर हाकेला दोन. कुठून निघालंय ते तिला कळत नव्हतं, काय आहे ते कळत नव्हतं, पण कुणाकडं येतंय ते कळत होतं. आणि पोचायच्या आत पोरगी इथून हलवली, तर ते या घरात येऊन उभं राहील आणि इथं हाक मारायलाच कुणी नसेल. मग ते पुन्हा कुठून सुरुवात करणार? आणि करील तरी का?

त्या दिवशी तिनं घाई केली. लागोपाठ तीन हाका मारल्या. तिसरी ओ आली ती धापा टाकत, पोटात दुखेपर्यंत पळालेल्या मुलासारखी. आणि बाकावर बसलेली भिंगरी पांढरीफटक पडून कपाळाला घाम आलेली. मावशीनं तिला छातीशी धरलं आणि कानाला खडा लावला. दिवसातून एकच हाक. चालणाऱ्याला चालू द्यायचं. ओढायचं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला ती डोळे मिटून म्हणाली, "देवा, हे तुझ्याकडचं आहे का, एवढंच सांग. नसलं तर मी तोंडाला कुलूप घालते."

देव काही बोलला नाही. हाकेला ओ न देणारा तेवढा एकच, आणि त्याला शिस्त लावायची तिची टाप नव्हती. पण डोळे उघडले तेव्हा तिच्या हातावर काटा होता आणि तो भीतीचा नव्हता. देवळाच्या, चर्चच्या, कुठल्याही मोठ्या दाराच्या आत पाऊल ठेवताना आवाज आपोआप उतरतो, तसं तिचं सगळं अंगच उतरलं होतं.

५

मधे सहा दिवस भिंगरीला ताप आला आणि मावशीनं हाक मारली नाही. त्यामुळे गुरुवारी ती ओ अजून जिन्यावरच होती.

डॉक्टर सकाळी दहाला आले. चांगला माणूस, थकलेला, बुटांवर दोन दिवसांची धूळ. कचेरीचं दार लावून त्यांनी भिंगरीला खुर्चीवर बसवलं. तिच्या मागे घंटा वाजवली. टाळी वाजवली. लोखंडी चिमटा टेबलावर आपटून कानाशी धरला. भिंगरी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

"त्यांना सांगा," मावशी नर्सताईंना म्हणाली, "मला हाक मारू दे."

नर्सताईंनी सांगितलं. डॉक्टरांनी मान न उचलता हातानं 'मारा' म्हटलं.

"भिंगरे."

"ओ." जिन्याच्या पायथ्याशी.

भिंगरीची मान वळली, पण डॉक्टरांचं लक्ष कागदात होतं. ते लिहिता लिहिताच काहीतरी म्हणाले. नर्सताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले... बाहेरच्या मुलीला गप्प बसायला सांगा."

म्हणजे ऐकू गेलं होतं. परक्या, शिकलेल्या माणसालाही ऐकू गेलं होतं. लेखणी कागदावर खरडत होती. कानाला लावलेला खडा तिनं काढून टाकला.

"भिंगरे," ती दुसऱ्यांदा म्हणाली.

"ओ." दारापलीकडं. धाप लागलेली.

दार जमिनीपासून चार बोटं वर होतं. त्या फटीतून बाहेरच्या पडवीचं ऊन आत येई. आता त्या उन्हात दोन पाय होते. अनवाणी, लहान, धुळीनं भरलेले. नखं वाढलेली होती, कितीतरी महिन्यांत कुणी कापली नसतील अशी. आणि डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

मावशीनं खुर्चीकडे पाहिलं. भिंगरीच्या पायांत बूट होते. सकाळी तिनं स्वतः नाड्यांना दुहेरी गाठ मारली होती.

दुसरं कुणी पोर असेल, तिनं मनाला बजावलं. पण अंगणातून बावीस मुलांचं गाणं ऐकू येत होतं, आणि अगदी तशा करंगळीचं नख तिनं पाय मांडीवर घेऊन कापलं होतं. करंगळी ओळखायला चौथीपेक्षा जास्त शिक्षण लागत नाही.

तिसरी हाक मारायची की नाही? एकोणीस वर्षं तिनं मुलांना ओ द्यायला शिकवलं होतं. कुणाला हाक मारतोय ते आधी बघावं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दार उघडल्यावर आत काय येईल? आणि आलेलं भिंगरीला मायेनं मिळेल की गिळून टाकील? डॉक्टर कागदाच्या तळाशी पोचले होते, सही करायच्या जागेवर.

फटीतले पाय हलले. एक पाय दुसऱ्या पायावर घासला गेला, दारात ताटकळलेली मुलं घासतात तसा.

तेवढ्यानं मावशीचा निर्णय झाला.

"ये गं बाई," ती हळूच म्हणाली. "आलीस. ये, भिंगरे."

दारापलीकडून ओ आली नाही. भिंगरी खुर्चीवरून उतरली. कुणी हात न धरता चालत दारापाशी गेली, टाचा उंचावल्या आणि कडी काढली. मावशीला तिची पाठ दिसत होती, उन्हानं भरलेली चौकट दिसत होती आणि पलीकडची पडवी. पडवीत कुणी नव्हतं. पण भिंगरीनं दोन्ही हात थोडे पुढं केले होते, ओळखीच्या माणसाला आत घेताना करावेत तसे.

मग ती वळली. बंद घरात कुणीतरी दिवा घेऊन शिरलं की बाहेरून एकेक खिडकी दिसायला लागते, तसा तिचा चेहरा दिसायला लागला. छाती धपापत होती. ती दोन वर्षं धावत आल्यासारखी धापा टाकत होती.

"ओ," भिंगरी म्हणाली.

आता डॉक्टरांनी मान वर केली. पोरीकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. घंटा उचलून तिच्या मागे वाजवली, तशी ती दचकली आणि रडायला लागली, भोकाड पसरून, लहान मुलं रडतात तशी. डॉक्टरांनी कागदावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली.

गाडी फाटकातून रिकामी गेली तेव्हा नर्सताई भिंतीला टेकल्या. "बाई गं," त्या म्हणाल्या, "जीवात जीव आला."

आपण काय बोललो ते त्यांना कळलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

६

पुढच्या तीन आठवड्यांत भिंगरीनं नाव खरं केलं. आता तिला जागेवर बसवायलाच माणूस लागे. शब्दही यायला लागले. इथले, तिथले, मावशीचे, सगळे एकत्र कालवलेले.

मावशी कामं करत होती. वेण्या, नखं, चादरी. मुलाला पत्रात 'मी खुशाल आहे' असं लिहीत होती. पण राग अजून आला नव्हता आणि जेवण अजून अळणीच लागत होतं.

एका सकाळी ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. तिथून बसचा रस्ता दिसतो, वळणं घेत डोंगर उतरणारा. पार खाली धक्का, आणि त्यापुढं समुद्र. भिंगरी खाली अंगणात खेळत होती. मधेच थांबून तिनं वर बघितलं आणि पहिल्यांदाच, आपण होऊन, हाक मारली.

"मावशी."

मावशीनं ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ."

ती तिनं दिली नव्हती. तिचं तोंड अजून उघडंच होतं. आवाज खालून आला होता, रस्त्याकडून, धक्क्याच्या अंगानं, इतक्या लांबून की वारा पडला नसता तर ऐकू आला नसता. बायकी आवाज होता. घसा कोरडा पडलेला, उन्हानं कावलेला, आणि आता जो कुणी समोर येईल त्याला फाडून खाईन अशा बेतात असलेला. तो आवाज मावशी पन्नास वर्षं रोज ऐकत आली होती.

ओली चादर हातात धरून ती उभी राहिली. रस्ता रिकामा होता. पहिलं वळण रिकामं, दुसरं रिकामं. अंगणात भिंगरीही तिकडंच बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आपण चाललेल्या रस्त्यानं मागून कुणी येताना दिसावं, तशी ती बघत होती. मग तिनं पुन्हा हाक मारायला छाती भरून घेतली.

"थांब गं," मावशी कठड्यावरून म्हणाली, आणि आपला आवाज किती पातळ झालाय ते तिला आत्ता कळलं. "आज पुरे. उद्या याच वेळेला मार. रोज एक. तिचे गुडघे दुखतात."